उलटी थांबली, पाय थांबेनात

आधीच सांगते, मी संशयी बाई आहे. माझ्या घरचे, गावचे आणि कोहमाऱ्याच्या फाट्यावर आमच्या दुकानात धान विकायला येणारे सगळे तुम्हाला हेच सांगतील, म्हणून मीच सांगून मोकळी होते. माझा नवरा तुळशीराम शेती बघतो आणि धान खरेदीचं दुकान मी बघते. पोत्याच्या तोंडाशी कोरडं, चमकदार धान आणि मधे ओलं भरलेलं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की परखी खुपसल्याशिवाय सख्ख्या भावाचंही पोतं घेत नाही. परखी म्हणजे टोकदार लोखंडी नळी, पोत्यात खुपसली की आतलं धान हातावर येतं. पोत्यांसाठी ही सोय आहे. माणसांसाठी नाही, म्हणून माणसांच्या बाबतीत मला नुसत्या संशयावर भागवावं लागतं.

हे लिहायला बसले ते आमच्या एका गिऱ्हाइकामुळे. त्याच्या बायकोचं ऑपरेशन ठरलंय आणि तो विचारत होता, "कुंदाबाई, तुमाले थे उलटीच्या दवाईनं काय झालतं म्हने?" मी सांगायला लागले तर दुकानातली सगळी माणसं ऐकत उभी राहिली. म्हटलं, इतक्या जणांना ऐकायचं असेल तर एकदा नीट लिहूनच काढावं. डॉक्टरी मला कळत नाही. मला जे झालं तेवढंच लिहिते.

खडे

जेवलं की उजव्या बरगडीखाली कळ यायची आणि पाठीत जायची. मी ओवा खाल्ला, सोडा प्यायले, गॅसच्या गोळ्या खाल्ल्या. एकदा कळ इतकी जोरात आली की वजनकाट्यावर पोतं तसंच सोडून मी जमिनीवर बसले. तेव्हा तुळशीरामने मला गाडीवर घातलं आणि गोंदियाला नेलं.

सोनोग्राफी झाली. डॉक्टर गोंदियाचेच, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारे. म्हणाले, "बाई, पित्त की थैली में पत्थर हैं. भरून आहे पूर्ण. काढावी लागेल."

मी विचारलं, "हा फोटो माझाच आहे कशावरून?"

तुळशीराम पंख्याकडे बघायला लागला. मी असं काही विचारलं की तो नेहमी वर बघतो. डॉक्टर मात्र चिडले नाहीत. त्यांनी मला परत टेबलावर झोपवलं, पडदा माझ्याकडे वळवला आणि पोटावर यंत्र फिरवून एकेक खडा दाखवला. खडे दिसले. तरी मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनीही तेच सांगितलं, तेव्हा मला वाटलं दोघं एका कॉलेजातले असणार. तिसऱ्यांकडे जायचं म्हटल्यावर माझ्या सासूबाई बोलल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते.

"दहा डाक्टर दाखवशीन तं दहाही हेच सांगतीन. गोटे का लपून बसनार हायेत?"

खरं सांगू का, मला कापण्याची भीती नव्हती. भीती होती ती भूल देण्याची. मी निपचित पडणार, आजूबाजूला चार माणसं माझ्यावर काहीतरी करणार आणि ते मला दिसणार नाही. लहानपणी माझी काकू ऑपरेशनला म्हणून गेली ती परत आली नाही. नेमकं काय झालं ते कुणी सांगितलं नाही आणि विचारायची सोय नव्हती. तेव्हापासून मला दवाखान्यातल्या बंद दाराबद्दल चांगलं काही वाटत नाही.

मोठी चीर

शेवटी ऑपरेशन गोंदियाच्या त्या पहिल्याच डॉक्टरांकडे, दुर्बिणीने करायचं ठरलं होतं. तीन-चार बारीक छेद, दोन दिवसांत घरी. जाग आली तेव्हा पोटावर हातभर पट्टी, बाजूने नळी आणि नळीला पिशवी. जीभ कोरडी ठक्क पडली होती, तरी पहिलं वाक्य मी हेच बोलले: "एवढं कसं कापलं?"

थैली आतड्याला चिकटली होती, दुर्बिणीने सुटेना, म्हणून पोट उघडावं लागलं, असं डॉक्टरांनी समजावलं. तुळशीरामने बाटलीत घातलेले खडे आणून दाखवले. हे माझेच कशावरून, असं मी विचारलं. तो पुन्हा पंख्याकडे बघायला लागला.

माझी खाट खिडकीजवळ होती. शेजारच्या खाटेवर तिरोड्याकडची एक बाई होती, तिचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. सकाळी फिनाइलचा वास, मग ताप-बीपी, मग ड्रेसिंग, मग डॉक्टरांचा राउंड, मग नातेवाईकांची गर्दी. सिस्टर येईल तेव्हा मी बाटलीवरचं नाव वाचायचे. वाचता आलं नाही तर तिला वाचायला लावायचे. "भाभी, आप तो इन्स्पेक्टर हो," ती म्हणायची. सुई टोचायच्या आधी मात्र ती आपले हात एकमेकांवर चोळून गरम करून घ्यायची. इतक्या साध्या गोष्टीने किती बरं वाटतं ते खाटेवर पडल्याशिवाय कळत नाही.

दुखण्यासाठी सलाइनमधून औषध चालू होतं. त्याने दुखणं बाजूला सरकायचं, पण डोकं जड व्हायचं आणि पोटात डचमळायचं. डॉक्टर म्हणाले, ह्या औषधाने मळमळ होते, उलटी आली तर तिच्यावरही औषध आहे. पाण्याचे घोट-घोट चालतील, पण खायचं काही नाही. मी सांगेन तेव्हाच.

"काहीच नाही?" तुळशीरामने विचारलं.

"काहीच नाही."

पेज

इथे मला थोडं थांबून आमच्याकडची एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या धानाच्या मुलखात पेज ही खायची वस्तू नाही. तांदळाची कणी भरपूर पाण्यात शिजवायची, मीठ घालायचं आणि ते पातळसर प्यायचं. रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, जाताना गडूभर पेज बरोबर असते. तहान लागली पेज, थकलं पेज, ताप आला पेज. बाईने नुसती पेज घेतली असेल आणि कुणी "जेवली का वो?" विचारलं, तर ती "नाही अजून" म्हणते, आणि त्यात खोटं काही नसतं.

आत्याबाई दुसऱ्या दिवशी सकाळी थर्मास घेऊन आल्या. खाटेच्या कडेला पाठ फिरवून बसल्या आणि वाटी भरली.

"घे. पोटात आग पडली असंन. लेकराचं तोंड पाहा कसं झालं."

आमचं दोघींचं फार गोडीचं नाही. लग्नानंतर पहिली कितीतरी वर्षं आम्ही एकमेकींच्या डब्यांवरची झाकणं उघडून बघायचो. पण त्या सकाळी त्यांनी मला लेकरू म्हटलं. मी वाटी तोंडाला लावली. गरम, खारट, ओळखीची चव. मी, जिने सलाइनच्या बाटल्या वाचून घेतल्या, जिने स्वतःच्या खड्यांवर शंका घेतली, तिने पेज काहीही न विचारता पिऊन टाकली. पेजेवर कोण संशय घेतं?

थोड्या वेळाने पोट ढवळलं आणि उलटी झाली. ताजे टाके असताना उलटी होणं काय असतं ते मी वर्णन करणार नाही. पोट दोन्ही हातांनी आवळून मी ओरडले एवढंच सांगते. सिस्टर धावत आली. भांडं पुढे केलं, पाठ धरली, विचारलं, "कुछ खाया क्या?"

"नाही," मी म्हणाले.

"कायी नाही खाल्लं बापा," आत्याबाई म्हणाल्या.

तिने सुईतून उलटीचं औषध दिलं. उलटी थांबली. मी तिचे मनापासून आभार मानले.

पाय

पाव-अर्धा तास झाला असेल. पायांत काहीतरी सुरू झालं. दुखणं नव्हतं, मुंग्या नव्हत्या, पेटकेही नव्हते. आतून नुसतं 'ऊठ, ऊठ' चाललं होतं. पाय पोटाशी घेतले, लांब केले, खाटेच्या दांड्यावर घासले. पडवेना म्हणून बसले. बसवेना म्हणून उभी राहिले. उभं राहवेना म्हणून चालायला लागले. एका हातात पोटाच्या नळीची पिशवी, दुसऱ्या हातात सलाइनचा स्टँड आणि मी वॉर्डात ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारतेय. टाके ओढत होते, घाम येत होता, चालूच नये असं शरीर सांगत होतं आणि पाय ऐकत नव्हते.

पायांपेक्षा वाईट होतं ते मनातलं. काहीतरी भयंकर घडणार आहे आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे, असं वाटायला लागलं. माझा नेहमीचा संशय कुणावर तरी असतो. हा कुणावरच नव्हता, म्हणून सगळ्यांवर होता. शेजारची बाई फोनवर लेकीशी पोवारी बोलीत बोलत होती, ती माझ्याबद्दलच बोलतेय. सिस्टरने बाटली बदलली, ती दुसऱ्याच कुणाची होती. तुळशीराम दाराशी डॉक्टरांशी हळू आवाजात बोलला, म्हणजे आत काहीतरी वेगळं सापडलंय आणि माझ्यापासून लपवून राहिलेत. मी त्याला पकडून विचारलंसुद्धा.

"काय लपवून राहिले तुमी?"

"कायले लपवू? डाक्टरले घरी कधी सोडता म्हनून इचारलं."

"मग हळू काऊन बोलले?"

"वार्डात का बोंबलू?"

दुपार कलली तसं ते हळूहळू उतरलं. मला झोप लागली. जागी झाले तेव्हा आत्याबाई परत थर्मास उघडत होत्या. सगळं उलटून पडलं, अंगात काही राहिलं नाही, दोन घोट घे. मी घेतले. पुन्हा उलटी, पुन्हा "कुछ खाया क्या", पुन्हा "नाही", पुन्हा तेच औषध. आणि पुन्हा पाय.

ह्या वेळी मी धरलं. इंजेक्शन आधी, पाय मागून. माल कुठून खराब झाला हे शोधणं माझा रोजचा धंदा आहे. मी सिस्टरला म्हटलं, हे तुमच्या उलटीच्या औषधानेच होतंय.

"घबराहट है भाभी. ऑपरेशन के बाद होता है."

तुळशीरामला सांगितलं. तो दिवसभर खुर्चीत बसून बसून आंबला होता. म्हणाला, "तुले तं आपल्याच दुकानच्या काट्यावरबी शक येते." डॉक्टर राउंडला आले तर त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "साधं औषध आहे, बाई. शेजारच्या पेशंटलाही तेच दिलं. बघा, ती कशी आरामात झोपलीय. उलट्या होऊन टाके उसवले तर परत आत घ्यावं लागेल, ते चालेल का?"

शेजारची खरंच आरामात झोपली होती. मला तिचाही राग आला.

माझं कुणी ऐकेना ह्यात त्यांचा तरी काय दोष म्हणा. सोनोग्राफीचा फोटो माझा नाही, चीर जास्त लांब आहे, खडे दुसऱ्याचे आहेत, बाटली बदललीय, इतकं सगळं बोलून झाल्यावर मी अजून एक गोष्ट सांगत होते. ती खरी आहे हे त्यांनी कशावरून ओळखायचं? मलाही एकीकडे वाटायला लागलं होतं की आपलं डोकं फिरतंय. काकूचंही असंच झालं असेल का, ती काही सांगत असेल आणि कुणी ऐकलं नसेल, हा विचार एकदा डोक्यात शिरला तो बाहेर निघेना.

खिडकीपाशी

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्यांदा तेच झालं: पेज, उलटी, सुई. ह्या वेळी पाय तर सुरू झालेच, वर जबडा आखडला. तोंड एका बाजूला ओढल्यासारखं झालं, जीभ जड पडली, मान डावीकडे वळायला लागली ती सरळ होईना. मी खिडकीचा गज धरून जागच्या जागी पाय उचलत होते आणि बोलायला गेले की शब्द चावल्यासारखे येत होते.

आत्याबाई घाबरल्या. "लकवा मारला वो बाई! इचं तोंड पाहा!"

डॉक्टर तेव्हा दुसऱ्या पेशंटकडे होते. लांबूनच त्यांनी पाहिलं आणि सिस्टरला म्हणाले, पेशंट फार घाबरलीय, उलटीचं एक द्या, झोपेचंही एक द्या, आणि उद्या मनाच्या डॉक्टरांना दाखवू. सिस्टर ट्रे घेऊन निघाली. त्या ट्रेमध्ये परत तेच आहे हे मला दिसत होतं. आणखी एक गेलं तर माझा श्वासही असाच आखडेल, ह्याबद्दल माझ्या मनात काही शंका उरली नव्हती. मी झोपेत असेन आणि मला सांगताही येणार नाही.

मी आरडाओरडा करायला हवा होता. मला तो चांगला येतो. पण तोंडच चालेना. मी गज सोडला, तुळशीरामकडे वळले आणि हात जोडले. "त्या सुईनं होते," एवढंच नीट निघालं. "नोको देऊ द्या."

तुळशीराम कसा माणूस आहे ते तुम्हाला सांगायला हवं. तलाठ्यापुढे तो खुर्चीवर बसत नाही. बसमध्ये कंडक्टरने चुकीच्या गावाला उतरवलं तर तिथून चालत घरी येईल, पण बोलणार नाही. तो माणूस उठला आणि माझ्या खाटेच्या आणि सिस्टरच्या मधे जाऊन उभा राहिला.

"साहेब, थांबा. आधी इचं आयका."

डॉक्टर आले. वैतागलेले होते. "उलट्यांनी टाके तुटले तर जबाबदारी तुमची. घेता?"

"घेतो."

"लिहून द्याल?"

"देतो. पण आधी आयका. तुमच्याच सुईनं होते म्हनते थे."

डॉक्टरांनी मग माझ्याकडे पहिल्यांदा जवळून पाहिलं. माझा जबडा हातात धरला, मान हलवून बघितली, जमिनीवर खालीवर होणाऱ्या पायांकडे बघत राहिले. विचारलं, पाय कधी सुरू झाले? काल कधी? त्याच्या आधी? सिस्टरकडून वेळा विचारून घेतल्या. मग आवाज बदलला. म्हणाले, "बाई, बरोबर आहे तुमचं. हे त्या औषधानेच आहे. काही जणांना होतं. माझ्या लक्षात आधी यायला पाहिजे होतं."

त्यांनी त्याच्यावर उतारा म्हणून दुसरं इंजेक्शन मागवलं. ते घ्यायलाही मी का-कू करत होते, हे कबूल करते. "घे," तुळशीराम म्हणाला आणि माझा हात त्याने सिस्टरपुढे धरला.

थोड्या वेळात जबडा सैल झाला. मान सरळ झाली. पाय लगेच थांबले नाहीत, पण त्यांची ओढ कमी कमी होत गेली. मी खाटेवर बसले आणि बसलेलीच राहिले. बसून राहता येणं हे एवढं मोठं सुख असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी रडले, सगळ्यांसमोर, मोठ्याने.

भांडं

डॉक्टर जात नव्हते. त्यांना दुसरं कोडं पडलं होतं. "दुखण्याचं औषध काल कमी केलंय. मग एवढ्या उलट्या का?" असं म्हणत त्यांनी खाटेखालचं भांडं पुढे ओढलं. नुकतीच झालेली उलटी त्यात होती. ते वाकले.

"हे काय आहे?"

"उलटी होय," आत्याबाई म्हणाल्या.

"उलटीत भाताची शितं कुठून आली?"

"भात नोहोय साहेब. पेज होय."

"मी खायला काही देऊ नका म्हणालो होतो."

"मंग खायले कोठी देल्लं? पेज देल्ली."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "माताजी, चावल डाला था ना उसमें?"

"कनी टाकली. कनीबिगर पेज होते का?"

शेजारची तिरोड्याची बाई पोट दाबून हसायला लागली. "नोको वो, नोको हसवू, माहे टाके," म्हणत होती आणि हसत होती. सिस्टरही तोंडावर हात धरून वळली. मी मात्र हसले नाही, कारण "कुछ खाया क्या" ला प्रत्येक वेळी "नाही" म्हणणारी मीच होते, आणि त्या क्षणापर्यंत आपण खोटं बोललो असं मला वाटलंच नव्हतं.

तर असं होतं ते सगळं. दुखण्याच्या औषधाने आधीच पोट नाजूक, त्यावर आम्ही पेज ओतत होतो. पेज बाहेर आली की तिच्यावर औषध आणि औषधाने पाय. औषधाबद्दल माझा संशय खरा निघाला, पण त्याच्या मागे काय होतं तिथवर तो पोचलाच नाही. डॉक्टरांनी माझ्या फायलीवर लाल पेनने मोठ्या अक्षरात लिहिलं की हे औषध ह्या पेशंटला द्यायचं नाही. मळमळीसाठी वेगळं काहीतरी दिलं. आणि आत्याबाईंचा थर्मास सिस्टरच्या टेबलावर जमा झाला.

घरी

आत्याबाई मात्र रुसल्या. "माह्या पेजीनं मरत होती म्हने," असं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या, माझ्याशी बोलायच्या नाहीत. मी त्यांना म्हटलं, पेजेने नाही, औषधाने. त्यांना ते पटेना. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पहिली वाटी मी मुद्दाम त्यांच्याकडे मागितली. त्यांनी ती दिली, पण आधी मला विचारलं, "डाक्टरले फोन लावून इचारलं का?" मी हो म्हटलं. तरी त्यांनी तुळशीरामकडून खात्री करून घेतली.

आता ज्यांचं ऑपरेशन व्हायचं आहे त्यांच्यासाठी. उलटीच्या औषधाला घाबरू नका. शेजारच्या बाईला ते चांगलं लागू पडलं, बहुतेकांना पडतं, आणि ताज्या टाक्यांवर उलटी होण्यापेक्षा ते घेतलेलं बरं. पण कुठलंही औषध गेल्यावर पडवत नसेल, बसवत नसेल, तोंड-मान आखडत असेल, उगाच जीव घाबरा होत असेल, तर 'घबराहट आहे' एवढ्यावर गप्प बसू नका. कशाच्या नंतर सुरू झालं ते सांगा. पुन्हा सांगा. सांगता येईना झालं तर बरोबरच्या माणसाला सांगायला लावा. आणि घशाखाली जे जे गेलं ते सगळं सांगा. ते जेवण आहे की नाही हे तुम्ही ठरवू नका, डॉक्टरांना ठरवू द्या. मी आता दातांच्या डॉक्टरकडे गेले तरी आधी त्या औषधाचं नाव सांगते. नाव इथे लिहीत नाही, कारण वाचून एखादी बाई तिच्या कामाचं औषध नाकारायची.

एक गोष्ट मात्र माझ्या मनात राहिली होती. दुकान पुन्हा सुरू झालं, मी काट्यापाशी बसायला लागले, तरी ती डोक्यातून जाईना. शेवटी एका संध्याकाळी तुळशीराम ओसरीवर रिकामी पोती झाडत होता, तेव्हा मी विचारलं.

"त्या दिवशी माह्यावर इस्वास कसा ठेवला तुमी?"

"कोनत्या दिवशी?"

"सुईच्या."

तो पोतं झाडत राहिला. मग म्हणाला, "इस्वास कोठी ठेवला? मले तं डाक्टरच खरा वाटत होता."

मला ते लागलं. "मंग कायले मधे उभे राहिले?"

त्याने पोतं खाली ठेवलं. "तुले शक येते तवा तू भांडतेस. त्या दिवशी भांडली नाही. हात जोडले. मले." त्याने हातावरची धूळ पुसली. "लगनाले एवढे वर्स झाले, तुनं कधी मले कायी मागतलं नाही. म्हटलं, खोटं असंन तरी चालते."

आणि पुन्हा पोती झाडायला लागला.

मला त्याला आणखी एक गोष्ट विचारायची होती, हे तरी खरं कशावरून. मी विचारली नाही.